बसा म्हणेपर्यंत

माझ्या सासूबाईंना दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी पहिली तक्रार केली ती दिव्यांबद्दल. म्हणाल्या, "हल्ली दिवेच हलक्या प्रतीचे येतात." मग चष्मेवाल्याला नावं ठेवली, मग डॉक्टरला. डॉक्टरने हात टेकले तेव्हा कुठे त्यांनी मान्य केलं की बिघाड आपल्याकडे आहे. स्वतःकडे बिघाड असू शकतो हे त्यांनी मान्य केल्याचं आमच्या घरातलं हे एकमेव उदाहरण, आणि तेसुद्धा तज्ज्ञाच्या तोंडून वदवल्यावर.

त्यांनी जन्मभर कॉलेजात भूमिती शिकवली. मी त्याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. त्याआधी मी त्यांची विद्यार्थिनी होते, आणि नंतर त्यांच्या मुलाशी लग्न केलं. हे सगळं एकाच बाईच्या बाबतीत घडायला नको होतं, पण घडलं. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "घराच्या उंबरठ्याच्या आत मी आई. कॉलेजच्या फाटकाच्या आत बाई. गल्लत करायची नाही." मी सहसा करत नाही. फाटकापाशी माझी जीभ आपोआप वळते.

वर्गात त्या सगळ्यांना टोपणनावं द्यायच्या. माझं नाव होतं 'घाई'. उत्तर आलं की हात वर करायचा, बाई नाव घेईपर्यंत थांबायचं आणि मग बोलायचं, हा नियम. मला दम निघायचा नाही. मी हात वर न करताच बोलून टाकायचे आणि उरलेला तास उभ्याने काढायचे. उत्तर बरोबर असलं तरी. सून झाल्यावरही ते नाव सुटलं नाही. आमच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांना वाटतं, मला सारखी कुठली तरी घाई असते.

नजर गेल्यावर त्यांनी कॉलेज तर सोडाच, घराचं दारही ओलांडणं बंद केलं. बाहेरच्या खोलीत भिंतीकडेची खुर्ची धरली आणि तिथून कानांनी घर चालवायला लागल्या. "घाई, दूध वर येतंय." "घाई, नळ नीट बंद कर." "कोण आलं? चपला काढल्या नाहीत त्याने." चमचा पातेल्याच्या तळाला लागला की त्यांना कळायचं की भाजी खाली लागतेय. मला कळायच्या आधी. मी वैतागायचे, यांच्यापाशी कुरकुर करायचे. हे म्हणजे माझा नवरा, म्हणजे त्यांचा मुलगा. तो पेपर वर धरायचा आणि म्हणायचा, "तुमच्या दोघींच्या मध्ये मी पडत नाही." एवढ्या वर्षांत पडला नाही. शहाणा माणूस आहे.

मग हळूहळू त्या गप्प होत गेल्या. दूध उतू गेलं, काही बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरातला नळ बिघडला आणि टपटप टपटप करत राहिला. मी मुद्दामच तसा ठेवला. म्हटलं, बघू कधी ओरडतात ते. दुसरा दिवस गेला, आठवडा गेला. त्या खुर्चीत बसून होत्या, तोंड भिंतीकडे. ज्या बाईने मला बरोबर उत्तरासाठी उभं केलं, तिला आता थेंबाथेंबाचा नळसुद्धा खुपत नव्हता. मी यांना म्हटलं, "आईंचं काही खरं नाही." हे म्हणाले, "तिला आराम हवाय." पहिल्यांदा मी तो पेपर खाली ओढला. "आराम कसला डोंबलाचा! त्यांना वर्ग हवाय."

आमचे प्राचार्य त्यांचेच विद्यार्थी. आमच्या पिढीतला अर्ध्याहून जास्त स्टाफ त्यांच्याच हाताखालून गेलेला आहे आणि अजून त्यांचं नाव निघालं की ताठ बसतो. मी प्राचार्यांना म्हटलं, पहिल्या वर्षाच्या मुलांचा भूमितीचा पाया कच्चा आहे असं तुम्हीच रडत असता, तर बाईंना दर गुरुवारी एक तास द्या. फळा नको, तोंडीच शिकवतील. ते एकदम खूश झाले. मग थोडे घाबरले. म्हणाले, "त्या येतील?"

तोच तर प्रश्न होता. संध्याकाळी चहा देताना मी विषय काढला. चहा गार होत गेला.

"पोरं उठून उभी राहतात का अजून?" त्यांनी विचारलं.

"राहतात की."

"खोटं बोलताना तुझा आवाज वर चढतो."

"बरं, काही राहतात. काही नाही."

"एकदा येते," त्या म्हणाल्या. "मी वर्गात शिरले आणि वर्ग उठला, तर दर गुरुवारी येईन. नाही उठला तर मला परत विचारायचं नाही. तू नाही, तुझ्या नवऱ्याने नाही, कुणीच नाही. मी इथे बरी आहे." मग कप बाजूला सारून म्हणाल्या, "आणि आधी सांगून ठेवायचं नाही हं त्यांना. सांगून उठवलेली पोरं म्हणजे कवायत."

"नाही सांगणार," मी म्हटलं. अगदी खालच्या पट्टीत.

आता वर्गाचं उभं राहणं म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण आजकालच्या कुणाला माहीत असायचं कारण नाही. बाई दारात आल्या की सगळे बाक एकदम मागे सरकायचे. दगडी फरशीवर लाकडी बाक. असा काही खरखराट व्हायचा की खालच्या मजल्यावरच्या वर्गाला कळायचं, वर भूमितीचा तास लागला. त्या लगेच 'बसा' म्हणायच्या नाहीत. पर्स टेबलावर ठेवायच्या, खडू निवडायच्या, स्वच्छ फळा पुन्हा पुसायच्या. आम्ही ताटकळत. मग वळायच्या, शेवटच्या रांगेपर्यंत नजर फिरवायच्या आणि म्हणायच्या, "बसा." त्यानंतर तासभर वर्ग त्यांचा. तास संपला की आधी त्या बाहेर पडायच्या, मग आम्ही. जिन्यात शिक्षकाला ओलांडून पुढे जायचं नाही. आत यायचं तर विचारायचं. यातलं काहीही कुठे लिहिलेलं नव्हतं, आणि कुणी मोडतही नव्हतं. माझा अपवाद सोडून.

आता मी वर्गात शिरते तेव्हा एखादी मुलगी माझ्या टेबलावरची तिची बॅग उचलते, आणि मी तोच मान समजते. "हाय मॅम" म्हणतात. एकदा एक मुलगा पहिल्या रांगेत बसून बिस्किटं खात होता. मी त्याच्याकडे रोखून बघितलं तर त्याने पुडा माझ्यापुढे धरला. मी एक घेतलं. चांगली मुलं आहेत. फक्त कुणी आत आलं काय आणि बाहेर गेलं काय, त्यांच्या अंगावर काही उमटत नाही. मी त्यावर रागवायचं केव्हाच सोडून दिलंय. राग वर्गाच्या दारात ठेवायचा आणि जाताना उचलायलाही विसरायचं, असं माझं चाललंय.

पण हे प्रकरण वेगळं होतं. बुधवारी मी पहिल्या वर्षाच्या वर्गात गेले आणि दिलेला शब्द सरळ मोडला.

"उद्या एक बाई येणार आहेत. मॅम नाही, बाई म्हणायचं. त्या आत आल्या की उठून उभं राहायचं."

"किती वेळ, मॅम?" एकाने विचारलं.

"त्या बसा म्हणेपर्यंत. मध्ये कुणी एक शब्द बोलायचा नाही. काही विचारायचं झालं तर हात वर करायचा आणि त्या बोलवतील तेव्हाच तोंड उघडायचं. त्यांना दिसत नाही."

मागून एक किडकिडीत मुलगी म्हणाली, "दिसत नाही तर आम्ही उठलो ते त्यांना कळणार कसं?"

"ते तू मला शिकवू नकोस. बाक सरकले की त्यांना कळतं. त्यांचे कान तुझ्या-माझ्यापेक्षा तिखट आहेत."

त्या मुलीने आणखी एक प्रश्न विचारला असता तर पुढचं सगळं टळलं असतं, पण मी तिला गप्प केलं. हात वर करायचं सांगताना तरी माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. नाही पडला. बाईंच्या तासाला हात वर करायचा, हे माझ्या हाडात मुरलेलं, ते मी पुढे ढकललं.

त्यात आणखी भर घातली प्राचार्यांनी. गुरुवारी सकाळी फोन केला, "बाई इतक्या वर्षांनी येणार, त्यांना काय त्या जुन्या कळकट वर्गात बसवायचं? आपण तास नव्या सभागृहात ठेवू." नवं सभागृह म्हणजे प्राचार्यांचा जीव की प्राण. मी म्हटलं, वा, छान. एसी आहे, त्यांना घाम येणार नाही. मला तेवढंच सुचलं.

सासूबाईंनी त्या दिवशी ठेवणीतले कपडे काढायला लावले. केस दोनदा विंचरून घेतले. पर्समध्ये हात घालून चाचपडत होत्या. मी विचारलं, काय हवंय, तर म्हणाल्या, "काही नाही." खडू होता. फळा दिसत नसताना खडू.

फाटकाशी मी म्हटलं, "आई, पायरी आहे."

"बाई."

"बाई, पायरी आहे."

सभागृहाच्या दारात त्यांनी माझा दंड सोडला, खांदे मागे घेतले आणि आत पाऊल टाकलं. आणि काय सांगू, ती पोरं उठली! एकूण एक. मी आशा केली होती त्याहून चांगली उठली. कुणी लोंबकळत नाही, कुणी हसत नाही, फोन खिशात. म्हटलं, जिंकलं.

बाई दारात थांबल्या. मान किंचित तिरकी, कान वर्गाकडे. थांबल्या त्या थांबल्याच. मला वाटलं, सुरू झालं यांचं जुनं. ताटकळत ठेवायचं.

"मुलं आहेत ना आत?" त्यांनी हळू विचारलं.

"आहेत."

"सगळी?"

"सगळी, बाई."

त्यांनी मान हलवली. मी त्यांना व्यासपीठावर नेलं, खुर्चीत बसवलं, पाण्याचा पेला हाताला लावून दिला आणि मागे जाऊन दाराशी उभी राहिले. दुसऱ्याच्या तासाला व्यासपीठावर रेंगाळायचं नाही, हाही आमचा एक नियम. वर्ग उभा होता. मी उभी होते. आम्ही सगळे 'बसा'ची वाट बघत होतो.

"मी भूमिती शिकवायला आले होते," बाई म्हणाल्या. "होते, असं म्हणतेय. कारण मी आत आले आणि एक बाक हलला नाही."

मी खाली बघितलं. सगळ्या रांगांखाली जाडजूड गालिचा. वर बघितलं. गुबगुबीत खुर्च्या, माणूस उठला की बसायची गादी आपली आपण, अगदी अलगद मिटते. प्राचार्यांनी पाहुण्यांना दाखवायची खास गोष्ट. दोनशे मुलं उठली काय आणि पीस पडलं काय, त्या सभागृहात दोन्ही सारखंच.

मुलांनी एकमेकांकडे बघितलं, मग सगळ्यांनी वळून माझ्याकडे. आणि मी काय करावं? मी हात वर केला. देवाशपथ. एका विभागाची प्रमुख, निवृत्तीला टेकलेली बाई, एका आंधळ्या बाईसमोर हात वर करून उभी. मला बघून पोरांनीही केले. पुढच्या रांगेने, मग मागच्या. सगळं सभागृह उभं, सगळ्यांचे हात वर, आणि समोर खुर्चीत बसून बाई त्यांना सांगत होत्या की या पिढीला रीतभात उरलेली नाही.

तुम्ही म्हणाल, अगं, ओरडायचं ना! ओरडले की. "बाई," एवढं म्हटलं. त्यांनी बरोबर माझ्या दिशेला बोट रोखलं. "हात वर केल्याशिवाय बोलायचं नाही." आता हात वर आहे, हे सांगायचं तर तेही बोलणंच. जन्मात पहिल्यांदा नियम पाळत होते आणि पहिल्यांदाच अडकले होते. शिवाय मनात दुसरा चोर होताच. उभे आहेत म्हणून सांगितलं तर पहिला प्रश्न येणार, कुणी सांगितलं त्यांना उभं राहायला? मग कवायत. मग दोन्हीकडून तेच, खुर्ची आणि भिंत. मी तोंड मिटलं.

बाई शांतपणे बोलत होत्या. आरडाओरडा त्यांचा स्वभावच नाही. "तुम्हाला वाटत असेल, म्हातारीला मान हवाय. मान मी पुष्कळ घेतलाय, आता ठेवायला जागा नाही. वर्ग उठतो तेव्हा आधीचं सगळं संपतं. कॅन्टीन, भांडणं, घरचे त्रास, सगळं. आणि बसतो तेव्हा नवीन सुरू होतं. मलासुद्धा ते लागायचं. घरून भांडून आले असले तरी त्या आवाजाने माझं डोकं जागेवर यायचं. तुमच्याकडे ते राहिलं नाही. तुमची चूक नाही. कुणी दाखवलं नसेल."

मागच्या रांगेतल्या दोघांचे पाय दुखले असावेत. ते बसले. माझी नजर त्यांच्याकडे गेली, पण मी काही खूण करायच्या आत त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि निमूट पुन्हा उठले. एक जण भिंतीला टेकला होता. एकाचा वर केलेला हात दुखला तर त्याने तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. किडकिडीत मुलगी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. तिला खाली बसायला कुणाची आडकाठी होती? बाईंना दिसणार नव्हतं, ऐकू तर मुळीच येणार नव्हतं.

"नजर गेली तेव्हा मी म्हटलं, हरकत नाही, वर्ग कानांनी कळतो," बाई म्हणाल्या. "आज कळलं की वर्गही गेला. बरं झालं, एकदा येऊन बघितलं. आता घरी बसायला मोकळी. माझ्या सुनेने खूप खटपट केली यासाठी. तिला वाईट वाटेल. खूप गुणी आहे ती, मी तिला तसं कधी म्हटलेलं नाही."

मला रडूच फुटलं. म्हणजे कधी म्हणाल्या तर अशा, उठायच्या बेतात असताना, दोनशे पोरांसमोर, आणि मी हात वर करून उभी असताना.

आणि तेवढ्यात बाटली पडली. त्या किडकिडीत मुलीची, स्टीलची, खांद्यावरच्या बॅगेतून सटकली. नशीब, गालिच्यावर नाही, मधल्या उताराच्या वाटेवर, तिथे लाकडी पट्टी होती. खणखणत, उड्या मारत, घरंगळत थेट व्यासपीठाच्या पायाला जाऊन थडकली. बाई दचकून थांबल्या.

"कुणाची?"

"माझी, बाई," ती मुलगी म्हणाली. "सॉरी."

बाईंनी मान तिरकी केली. मी तो चेहरा ओळखते. दूध वर येतंय हे कळायच्या आधीचा चेहरा.

"परत बोल."

"माझी आहे बाटली."

"तू उभी का आहेस? आवाज वरून येतोय. मी तुला उभं केलं नव्हतं."

मुलीने माझ्याकडे बघितलं. मी हात खाली घेतला आणि मान हलवली. बोल बाई, तुला विचारलंय.

"सगळेच उभे आहेत, बाई."

"कधीपासून?"

"तुम्ही आलात तेव्हापासून."

बाईंचा हात टेबलाच्या कडेवरून मागेपुढे फिरत होता.

"बाक वाजले नाहीत," त्या म्हणाल्या.

"बाक नाहीत इथे. खुर्च्या आहेत, मऊ. आणि खाली गालिचा आहे."

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं, उभं राहा म्हणून?"

"हो," मुलगी म्हणाली. लपवाछपवी तिच्या रक्तातच नसावी. "काल मॅमनी."

मी डोळे मिटले. संपलं. कवायत.

बाईंनी पाण्याचा पेला बाजूला सारला. मग म्हणाल्या, "आणि मला दिसत नाही, हे सांगितलं होतं?"

"हो, बाई."

"मग मी इतका वेळ तुम्हाला वाट्टेल ते बोलत होते, तर बसला का नाहीत?"

मुलीने खांदे उडवले. ते बाईंना दिसायचा प्रश्नच नव्हता, म्हणून मग तिला बोलावं लागलं.

"तुम्ही 'बसा' म्हणाला नव्हतात ना."

बाईंचा चेहरा मी आयुष्यभर बघत आलेय. तो असा हललेला मी कधी पाहिला नव्हता, सासरे गेले तेव्हाही नाही. त्यांनी दोन्ही हात टेबलावर रेटले आणि उठायला लागल्या. गुडघे दगा देतात, तरी उठल्या. मी पुढे धावले तर पावलांवरून ओळखून हातानेच थांबवलं. नीट, ताठ उभ्या राहिल्या.

"बसा," त्या म्हणाल्या.

सगळे एकदम बसले, आणि त्या दोनशे गाद्यांमधून एकदम हवा निघाली. फुस्स. मोठ्ठा सुस्कारा टाकल्यासारखं. कुणीतरी हसलं.

"हा कसला आवाज?"

"खुर्च्यांचा, बाई. बसल्यावर येतो. उठताना येत नाही."

"असं होय." त्यांनी तो आवाज थोडा वेळ मनात फिरवला असावा. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "तुम्हा सगळ्यांची माफी मागते."

हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. घरात नाही, कॉलेजात नाही. हे समोर असते तर त्यांच्या हातातून पेपर गळून पडला असता.

मग पर्समधून तो खडू काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "फळा आहे का? नसू दे. डोळे मिटा सगळ्यांनी. एक रेघ काढा, आडवी. तिच्या वर एक बिंदू घ्या, रेघेवर नाही हं, वर." त्यांनी उरलेला तास शिकवलं. उभ्यानेच. मी दोनदा खुर्ची जवळ सरकवली, त्यांनी दोनदा मागे लोटली. मुलं डोळे मिटून होती. एक झोपलाही असावा, पण बाकीच्यांची बोटं मांडीवर रेघा ओढत होती.

तास संपला तेव्हा त्या आधी निघाल्या, माझा हात धरून. वर्ग उठला. आवाज अर्थातच आला नाही. त्या मधल्या वाटेत थांबल्या आणि मोकळा हात बाजूला पसरला. मग तसाच पसरून चालायला लागल्या. रांगेच्या कडेचा प्रत्येक जण त्यांच्या हाताला लागत होता. दंड, दंड, बॅगेचा पट्टा, खांदा. एकेकाला चाचपत त्या पुढे सरकत होत्या. एका रांगेशी हात एकदम कुणाच्या तरी डोक्यावर पडला.

"तू बसलास काय रे?"

"नाही, बाई. मी एवढाच आहे."

सगळं सभागृह फुटलं हसून. बाईही हसल्या. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुझं नाव आजपासून शिखर."

बाहेर पडल्यावर त्या दमल्या होत्या. माझ्या हातावर सगळा भार.

"घाई, तू शब्द मोडलास," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि मग वर्गात गप्प का बसलीस? तू गप्प बसणाऱ्यातली नाहीस."

"बसले नव्हते, बाई. उभी होते. हात वर होता माझा."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

आम्ही फाटकाकडे चालत राहिलो. पुढच्या गुरुवारी येणार का, ते मी विचारलं नाही. विचारायचं नाही असं ठरलेलं होतं, आणि एका दिवसात दोनदा शब्द मोडायची माझी हिंमत नव्हती. पायरी आली, मी सांगितली, आम्ही उतरलो. फाटक मागे पडलं.

"आई," मी म्हटलं, "रिकामी गाडी दिसली की थांबवते."

"थांबव." मग माझ्या हातावरची पकड घट्ट करून म्हणाल्या, "आणि उद्याच्या उद्या त्या नळवाल्याला बोलाव. महिनाभर टपटपतोय मेला, माझं डोकं उठलंय. आणि गुरुवारी जरा लवकर निघू. पोरांना ताटकळत ठेवणं बरं नाही."